ताळा चुकला, पण कोठे?



या व्यासपीठावरून बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा चालकांनी मला विषय विचारला. मी तो सांगितला. पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग ते म्हणाले, "बरे आहे, पण लोकांना कळेल असे सांगा म्हणजे झाले." त्यांची भीती मला समजते. गंगाखेडच्या जनाबाईंवर बोलणारा वक्ता उभा राहिला की आपल्याकडचा श्रोता आपण होऊन खुर्ची पुढे ओढतो. संगणकाच्या प्रोग्रामची तपासणी करणाऱ्याला ही सोय नाही. त्यातून हा वैशाखाचा उकाडा! तरीही हा विषय मी निवडला, कारण तो आता तुमच्या सातबाऱ्यापर्यंत, पासबुकापर्यंत आणि पीककर्जाच्या अर्जापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. माझ्या हातून झालेली एक चूकही मला आज सांगायची आहे. ती परभणी जिल्ह्यातल्या माणसांसमोर सांगावी असे पुष्कळ दिवस मनात होते.

प्रारंभ मी शाळेतल्या गणिताच्या तासापासून करतो. बेरीज किंवा गुणाकार करून पाटी पुढे केली की गुरुजी विचारीत, "ताळा पाहिलास का?" ताळा हा आपल्या भाषेतला फार चांगला शब्द आहे. उत्तर काढणे ही एक क्रिया आणि ते पडताळून पाहणे ही दुसरी, हा भेद त्या एका शब्दात आहे. तुमच्यापैकी अनेकांना नवाचा ताळा आठवत असेल. संख्येतले अंक मिळवावयाचे, नऊ बाद करावयाचे आणि उरलेला अंक जुळतो की नाही ते पाहावयाचे. युक्ती सुरेख आहे, परंतु तिच्यात दोन उणिवा आहेत. ५४२१ च्या जागी घाईत ५२४१ लिहिले गेले, तर दोन्हींच्या अंकांची बेरीज १२ च येते. ताळा जुळतो आणि उत्तर मात्र चूक असते. ही झाली पहिली उणीव. दुसरी अशी की, ताळा जुळला नाही तर तो नुसते "चूक" एवढेच म्हणतो. एककाच्या घरात चुकले की शतकाच्या, हातचा विसरला की आकडाच चुकीचा उतरवला, याविषयी तो अवाक्षर काढीत नाही.

पहिल्या उणिवेवर पुष्कळ काम झालेले आहे. आपल्या आधार क्रमांकाचा शेवटचा अंक हा एक ताळाच आहे. याकोबस फेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेल्या रीतीने तो काढतात. एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही रीत ते हमखास पकडते. पहिला आधार क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. मात्र दुसरी उणीव याही रीतीत शिल्लक आहे. क्रमांक चुकीचा आहे एवढेच ती सांगते. कोणता अंक चुकला ते सांगत नाही. बारा अंकांच्या क्रमांकात त्याने फारसे अडत नाही, आपण पुन्हा कार्ड पाहून टंकतो. परंतु ज्या प्रोग्राममध्ये लाखभर ओळी आहेत, तेथे नुसते "चूक" ऐकून माणसाने काय करावे?

आता चाचणी म्हणजे काय ते सांगतो. प्रोग्राम लिहून झाला की तो बरोबर चालतो की नाही हे पाहण्यासाठी आम्ही दुसरा एक प्रोग्राम लिहितो. तो पहिल्याला ठरावीक माहिती देतो, उत्तर घेतो आणि ते अपेक्षेप्रमाणे आले का ते पाहतो. अशा शेकडो, कधी हजारो चाचण्या असतात. रात्री सगळे घरी गेल्यावर यंत्र त्या एकामागून एक चालवते आणि सकाळी पडद्यावर निकाल दिसतो. सर्व बरोबर असेल तर हिरवा, काही चुकले असेल तर तांबडा. या चाचण्यांत काही तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात, म्हणून त्या एकाच ठिकाणी लिहून ठेवतात आणि हव्या तेथे बोलावतात. इंग्रजीत त्यांना हेल्पर म्हणतात. मी आज त्यांना तपासनीस म्हणेन. आजचा विषय एवढाच आहे की हा तपासनीस कसा असावा, आणि विशेषतः प्रोग्रामने एखादी गोष्ट नाकारली तर ती योग्य कारणासाठी नाकारली की नाही, हे त्याने कसे पाहावे.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९४९ च्या जून महिन्यात केंब्रिज येथे संगणकांविषयी एक परिषद भरली होती. तीत ॲलन ट्युरिंग यांनी मोठा प्रोग्राम तपासावा कसा यावर एक छोटा निबंध वाचला. दृष्टांत म्हणून त्यांनी घेतली ती साधी बेरीज! चार अंकी पाच संख्या एकाखाली एक मांडल्या आहेत आणि खाली नुसते उत्तर लिहिले आहे, तर तपासणाऱ्याला सारी बेरीज पहिल्यापासून एका दमात करावी लागते. पण मांडणाऱ्याने प्रत्येक घराचा हातचा लिहून ठेवला असेल, तर एकेक घर वेगवेगळे तपासता येते. हवे तर चार माणसांनी चार घरे वाटून घ्यावीत. प्रोग्राम लिहिणाराने जागोजागी "येथे अमुक खरे असले पाहिजे" अशी विधाने करून ठेवावीत, म्हणजे तपासणाऱ्याचे ओझे हलके होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपल्या दुकानांतले जुने मुनीम हातचा पेन्सिलीने बारीक लिहून ठेवीत, ते याच शहाणपणातून.

पुढे १९९७ साली केंट बेक आणि एरिक गामा हे दोघे झुरिकहून अटलांटाला विमानाने जात असता त्यांनी जेयुनिट हे चाचण्यांचे साधन लिहिले आणि ते जगभर पसरले. त्यात एक तपासनीस आहे. त्याला दोन गोष्टी द्यावयाच्या, अपेक्षित उत्तर आणि मिळालेले उत्तर. जुळले नाही तर तो दोन्ही छापतो. केवढी साधी सुधारणा! "चूक" म्हणण्याऐवजी "४० हवे होते, ४५ मिळाले" असे तो म्हणतो. मात्र त्यातही एक खोच आहे. अपेक्षित आधी आणि मिळालेले नंतर, हा क्रम पुष्कळजण उलटा करतात. चाचणी पास होते तोवर कोणाचे लक्ष जात नाही; नापास झाली की निरोप उलटा येतो आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो. म्हणून तपासनिसाचे नाव आणि त्याला द्यावयाच्या गोष्टींचा क्रम असा असावा की वाचताना सरळ वाक्य व्हावे. वाक्य अडखळले की समजावे, कोणीतरी तेथे पुढेमागे ठेचकाळणार आहे.

आता ज्यासाठी मी उभा राहिलो त्या गोष्टीकडे वळतो. आपल्या सर्वांना माहीत असलेला एक प्रसंग घ्या. आपण बँकेत चेक टाकला आणि तो परत आला. चेक परत करताना बँक त्याच्यासोबत कारणाची चिठ्ठी देते. खात्यात शिल्लक नाही, सही जुळत नाही, तारीख उलटून गेली, अंकी रक्कम आणि अक्षरी रक्कम यांत फरक आहे. कारणे अनेक असतात. समजा, बँकेच्या एखाद्या अधिकाऱ्याला पाहावयाचे आहे की शिल्लक नसताना चेक खरोखरच परत जातो की नाही. त्याने एका रिकाम्या खात्याचा चेक मुद्दाम टाकून पाहिला. चेक परत आला. तो म्हणाला, "झाले, व्यवस्था ठीक आहे." पण त्याने चिठ्ठी वाचलीच नाही. चिठ्ठीवर लिहिले होते की सही जुळत नाही. म्हणजे शिल्लक पाहण्याची वेळच आली नव्हती. उद्या सही जुळणारा चेक आला आणि खाते रिकामे असले, तर तो परत जाईल की वटेल, हे त्या अधिकाऱ्याला काल जेवढे ठाऊक होते तेवढेच आजही ठाऊक आहे.

माझी चूक हुबेहूब अशीच होती.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तेथे शेतकऱ्यांच्या जमिनींचे क्षेत्र नोंदवून कर्जाची पात्रता काढणारा एक प्रोग्राम आम्ही करीत होतो. आता शेतीच्या क्षेत्राचे गणित मुंबई-पुण्याच्या मुलांना समजावणे किती अवघड असते ते तुम्ही जाणता. ४० गुंठ्यांचा एकर. म्हणजे १.२५ आणि ०.२० यांची बेरीज १.४५ नव्हे, तर २.०५, १ एकर २५ गुंठे आणि २० गुंठे मिळून २ एकर ५ गुंठे. त्यात सातबारा हेक्टर-आरमध्ये, तेथे १०० आरचा हेक्टर, आणि हेक्टरचे एकर करावयाचे तर २ एकर आणि जवळजवळ १९ गुंठे. त्यावर कोणी उपकरणाने मोजलेले क्षेत्र दशांश एकरात आणून देतो. टिंब सगळीकडे एकच, आणि टिंबाच्या उजवीकडचा अर्थ मात्र तीन ठिकाणी तीन!

म्हणून आम्ही एक नियम घातला होता. एकर-गुंठ्यांच्या रकान्यात टिंबापुढे ४० किंवा त्याहून मोठा आकडा आला, तर ती नोंद प्रोग्रामने नाकारावी, कारण ती बहुधा दशांशातली असणार. आणि या नियमाची चाचणी मी लिहिली. एका फाइलमध्ये १.७५ अशी नोंद ठेवली, ती प्रोग्रामला दिली आणि तपासनिसाला सांगितले, "येथे नकार आला पाहिजे." तपासनीसही मीच लिहिलेला. तो एवढेच पाहत असे की नकार आला की नाही. नकार आला की हिरवा.

पुढे कोणीतरी फाइलींची आवराआवर केली आणि माझी फाइल दुसऱ्या कप्प्यात गेली. त्या दिवसापासून प्रोग्राम नकार देऊ लागला तो "फाइल सापडत नाही" म्हणून. माझ्या तपासनिसाला नकार हवा होता, नकार मिळाला. तो रोज सकाळी हिरवा दिवा दाखवीत राहिला. नंतर एका सहकाऱ्याने त्या भागाची पुनर्रचना करताना ४० गुंठ्यांचा नियमच अनवधानाने गळाला. ज्या चाचणीने त्याला तत्काळ अडवावयाचे ती तर डोळे मिटून बसलेली. असे चार महिने गेले.

एका बाईंची जमीन १ एकर ३० गुंठे होती. दशांशात ती १.७५ होते. कोणीतरी ती रकान्यात तशीच भरली. प्रोग्रामने तिचा अर्थ १ एकर ७५ गुंठे असा केला आणि नेटकेपणाने त्याचे २ एकर ३५ गुंठे करून टाकले. पुढच्या टप्प्यावर सातबाऱ्याशी मेळ घालताना क्षेत्र जास्त निघाले आणि अर्ज परत आला. बाईंना सांगण्यात आले की तुम्ही क्षेत्र फुगवून लिहिले आहे. त्या तालुक्याला तीन वेळा गेल्या. हे मला कळले तोवर मृग निघून गेला होता आणि त्यांनी बियाणे उधारीवर उचलले होते. मी त्यांना भेटलो तेव्हा त्या मला रागावल्या नाहीत. त्यांनी एकच विचारले, "बाबा, मग ती मशीन तेव्हाच का नाही बोलली?" मशीन रोज बोलत होती. तिला काय विचारावे हे मला कळले नव्हते.

या प्रसंगानंतर मी तपासनिसांकडे गंभीरपणे पाहू लागलो. पहिला बदल उघड होता. "नकार आला पाहिजे" असे म्हणावयाचे नाही. "अमुक कारणाने नकार आला पाहिजे" असे म्हणावयाचे. कारण न सांगता तपासनिसाला बोलावताच येऊ नये, अशीच त्याची रचना करावी. कारण ऐच्छिक ठेवले की घाईच्या दिवशी माणूस ते गाळतो. हा दोष त्याचा म्हणण्यापेक्षा मार्ग ठेवणाऱ्याचा म्हणावा.

पण कारण ओळखावयाचे कसे? येथे नवखा माणूस दुसऱ्या खड्ड्यात पडतो. तो निरोपाचे शब्द जसेच्या तसे ताडून पाहतो. "गुंठे ४० पेक्षा कमी असावेत" या वाक्याशी मिळालेले वाक्य जुळले तर पास. मग एखादा भाषाप्रेमी येतो, "असावेत"चे "असले पाहिजेत" करतो आणि साठ चाचण्या एका रात्रीत तांबड्या होतात. प्रोग्राम निर्दोष आणि चाचण्या नापास! असे दोनतीनदा झाले की माणसे तांबड्या रंगाला सरावतात. मग खरी चूक आली तरी म्हणतात, "ते तसेच असते." आपल्याकडची "बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण आमच्या धंद्यातही, परभणी कोठे आहे हे ठाऊक नसताना, मनोभावे पाळली जाते.

यावर उपाय हा की नकाराला शब्दांहून वेगळी अशी एक ओळख द्यावी. चेकच्या चिठ्ठीवर कारणाचा क्रमांक असतो तसे. वाक्य माणसासाठी, क्रमांक यंत्रासाठी. तपासनिसाने क्रमांक पाहावा आणि वाक्य छापावे. माणसाने वाचावयाचे वाक्य सुधारण्याची मुभा तेव्हाच राहते.

आणखी एक गुंता आहे. तो सरकारी कचेरीत खेटे घातलेल्यांना लगेच कळेल. तलाठ्याने लिहिलेले मूळ कारण मंडळ अधिकाऱ्याच्या पत्राला जोडले जाते, ते तहसीलदाराच्या पत्राला, आणि आपल्या हातात येते ते सर्वांत वरचे पत्र. "सोबतच्या अहवालानुसार आपला अर्ज अमान्य". मूळ कारण चौथ्या कागदावर असते. प्रोग्रामचेही तसेच आहे. आतल्या भागाने दिलेला नकार बाहेरचा भाग आपल्या वेष्टनात घालून पुढे पाठवतो. तपासनिसाने वरचेच पाकीट पाहिले तर त्याला मूळ कारण कधीच सापडणार नाही. गो या भाषेत २०१९ च्या १.१३ आवृत्तीपासून एकेक पाकीट उघडून आत हवे ते कारण आहे का हे पाहण्याची सोय भाषेनेच दिली. इतर भाषांतही तसे मार्ग आहेत. वेष्टन घालणाऱ्यानेही मूळ कागद फाडून टाकता कामा नये, हे अर्थात आलेच. दुर्दैवाने तो फाडणारे पुष्कळ आहेत.

नकार हा नकार म्हणून ओळखू न आल्याने काय होते, याचे एक मोठे उदाहरण सांगतो. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियन-५ हा युरोपीय अग्निबाण पहिल्यांदाच उडाला आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. कारण असे की दिशा सांभाळणाऱ्या यंत्रातला प्रोग्राम जुन्या एरियन-४ चा होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक, आणि ती मोठी संख्या ३२७६७ हून मोठा आकडा न मावणाऱ्या छोट्या जागेत घालण्याचा यत्न झाला. यंत्राने चूक ओळखली आणि ते बंद पडले. जोडीचे राखीव यंत्रही त्याच चुकीने त्याच्या आधीच बंद पडले होते, कारण त्यातही तोच प्रोग्राम. एवढे बहुतेकांना माहीत असते. त्यापुढचे फार थोड्यांना माहीत असते. बंद पडताना यंत्राने मुख्य संगणकाकडे बिघाडाची खूण पाठवली, आणि मुख्य संगणकाने ती खूण म्हणजे उड्डाणाची खरी मापे समजून अग्निबाण जोराने वळवला. आजारी माणसाने "ताप १०४" अशी चिठ्ठी पाठवावी आणि वाण्याने १०४ किलो साखर बांधून द्यावी, तसा प्रकार.

आता काही लहान गोष्टी. साठ चाचण्या एकाच तपासनिसाला बोलावतात. त्यातली एक नापास झाली की यंत्र ओळीचा क्रमांक छापते. पण तो असतो तपासनिसाच्या आतल्या ओळीचा, कारण "चूक" हा शब्द तेथे उच्चारला गेला. साठही वेळा तोच क्रमांक! निरोप आणणाऱ्या शिपायाचाच पत्ता मिळावा आणि निरोप धाडणाऱ्याचा मिळू नये, तसे हे होते. गो भाषेत २०१७ च्या १.९ आवृत्तीपासून तपासनिसाला "मी केवळ मदतनीस आहे" असे जाहीर करता येते. मग यंत्र त्याला वगळून ज्याने बोलावले त्याची ओळ दाखवते. एका ओळीचे काम आहे, पण न केले तर रोज अर्धा तास जातो.

थांबावे की पुढे जावे, हाही विचार करावा लागतो. २०१७ साली आपल्याकडे संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडी वाचन झाले ते तुम्हांला आठवत असेल. गावासमोर नोंदी मोठ्याने वाचावयाच्या आणि ज्याला चूक दिसेल त्याने हरकत घ्यावयाची. पहिल्या गटात चूक निघाली म्हणून वाचन थांबवून सगळे घरी गेले असे झाले असते, तर दर गटासाठी एक ग्रामसभा लागली असती. सगळे वाचावयाचे, हरकती लिहून घ्यावयाच्या. ई-फेरफारमधले विसंगतीचे अहवालही असेच आहेत. गटाचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जेथे जुळत नाही असे सर्व सातबारे ते एकत्र दाखवतात. चाचणीतही एकाच नोंदीचे पाच रकाने तपासावयाचे असतील तर पहिल्यावर थांबू नये. पाच चुका एकत्र पाहिल्या की पुष्कळदा त्यांच्यामागचे एकच कारण दिसते. पण नोंद वाचताच आली नाही, फाइलच उघडली नाही, तर मात्र तेथेच थांबावे. दप्तरच आणले नसेल तर वाचणार काय? पुढे गेल्यास रिकाम्या हाताने केलेल्या पन्नास तपासण्यांचे पन्नास निरर्थक निरोप येतात आणि खरा निरोप त्यांच्या तळाशी दडपला जातो. म्हणून "येथे चूक येता कामा नये" असे सांगणारा तपासनीस हा थांबवणाराच असावा, आणि आलेली चूक त्याने पूर्ण छापावी. ती गिळून "अनपेक्षित चूक" एवढेच म्हणणारे तपासनीस मी पाहिले आहेत. ते लिहिणाऱ्यांना एकदा रात्रपाळीला बसवावे असे वाटते.

रिकाम्या यादीची गोष्ट मात्र सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ती संगणकाबाहेरही घडते. "यादीतल्या प्रत्येक गावाचा तालुका बरोबर आहे ना?" असे विचारले आणि यादीत एकही गाव नसले, तर उत्तर येते, "होय, सर्व बरोबर." तर्कशास्त्राने ते खरेच आहे. एकदा आमच्या यादीतून वसमत, कळमनुरीची गावे शोधता शोधता अशीच रिकामी यादी निघाली. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा परभणीच्या नावाखाली ती गावे सापडणार कोठून? आणि तरी चाचणी पास! तेव्हापासून माझा यादी तपासणारा तपासनीस आधी विचारतो की निदान किती नोंदी अपेक्षित आहेत.

तपासनिसाने प्रोग्रामचेच गणित पुन्हा करू नये, हे सांगावयाचे राहिले. १.२५ आणि ०.२० ची बेरीज प्रोग्राम ज्या रीतीने करतो त्याच रीतीने तपासनीसही करू लागला तर दोघे मिळून १.४५ म्हणतील आणि एकमेकांना शाबासकी देतील. अपेक्षित उत्तर २ एकर ५ गुंठे हे माणसाने कागदावर काढून, आकड्यात लिहून ठेवलेले असावे. असे आकडे मी काढतो तेव्हा माझ्याकडे सातवी शिकलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला दाखवतो. त्यांना प्रोग्राममधले काही कळत नाही, म्हणूनच त्यांचा ताळा स्वतंत्र राहतो.

आता तुम्ही विचाराल, की तपासनीसच चुकला तर? हा प्रश्न योग्य आहे, माझ्या बाबतीत तेच झाले होते. यावर मी करतो ते इतकेच. प्रत्येक तपासनिसाला मुद्दाम चुकीच्या गोष्टी देऊन पाहतो, आणि तो तांबडा होतो ना हे तपासतो. फाइल नसलेली नोंद दिली, भलत्याच कारणाचा नकार दिला, नकार दिलाच नाही. तिन्ही वेळा त्याने तक्रार केलीच पाहिजे, आणि तक्रारीचे वाक्य तीन वेळा वेगळे असले पाहिजे. तो नवा तपासनीस जुन्या चाचणीला लावला त्या दिवशी पडद्यावर उमटलेली ओळ मी वहीत उतरवून घेतली आहे. ती अशी होती: "नोंद १.७५. अपेक्षित नकार: गुंठे ४० किंवा अधिक. मिळालेला नकार: फाइल सापडत नाही." चार महिन्यांपूर्वीच ती उमटावयास हवी होती.

नियम परत बसवला, यादी पुन्हा काढली, आणि त्या बाईंचे क्षेत्र १ एकर ३० गुंठे असे दुरुस्त झाले. कर्ज त्यांना पुढच्या हंगामात मिळाले. उधारीच्या बियाण्यावरचे व्याज त्यांनीच भरले.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले मला दिसले आहे.  सातबारा हातात घेऊन आलेले एक गृहस्थ मघापासून मागे उभे आहेत, त्यांच्या क्षेत्राची बेरीज आपण खाली बसून करू.